बारीक आवाजाची बाई

जळगावच्या फुले मार्केटातून पापडखाराची पुडी घेऊन प्रमिला बाहेर पडली आणि समोरच्या कॅसेटच्या हातगाडीवरून तिचंच गाणं तिच्या अंगावर आलं. गाणं तिचं, पण गात होती दुसरीच कोणी. बारीक, टोचऱ्या आवाजाची, बारा-तेरा वर्षांची असावी अशी एक पोरगी ‘वारा उना वं माय, वारा उना’ असं भराभर म्हणत होती, मागे कुत्रं लागल्यासारखं. प्रमिलाच्या मनात पहिल्यांदा आली ती चोरी. आपली कॅसेट बाजारात आली म्हणतात, अजून आपल्या हातात पडलेली नाही, आणि तेवढ्यात कुण्या मेल्याने नक्कल करून विकायलाही काढली! बरं, नक्कल करायची तर निदान जरा बरा गळा तरी शोधायचा. ती तरातरा हातगाडीशी गेली. “ही कुणाची कॅसेट?” तिने विचारलं. हातगाडीवाल्याने तिच्याकडे न बघताच डबी पुढे केली. डबीवर केळीची पानं, एक नाचणारी बाई आणि खाली ठळक अक्षरांत ‘लीलाधर-प्रमिला यांचा खान्देशी डिस्को’. “घेऊन जा ताई,” तो म्हणाला, “या लग्नसराईत दुसरं काही वाजणारच नाही.” गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं होतं, आणि ‘पदर मन्हा उडी गया’ म्हणताना ती पोरगी नाकातल्या नाकात हसली. ते हसू तिचं होतं. धुळ्याला रेकॉर्डिंग चालू असताना भिंतीला लावलेल्या गादीमागून उंदीर निघाला होता, तिला हसू फुटलं होतं, आणि पेटीवर बसलेला लीलाधर म्हणाला होता, राहू द्या ताई, झकास आलंय. म्हणजे पोरगी बिरगी कोणी नव्हतीच. ही तीच होती. कोणीतरी तिचा आवाज दळून बारीक केला होता.

पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटापर्यंत ती कशी आली तिला कळलं नाही. गेट बंद होतं. सायकली, रिक्षा, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, सगळे मालगाडी जायची वाट बघत उभे होते, आणि प्रमिलाला वाटत होतं की यातल्या एकाला तरी धरून सांगावं. पण सांगायचं काय? माझा आवाज बारीक केला? लोक म्हणतील, मग बरंच झालं की! हो, असंच म्हणतील, आणि त्यांचं काय चुकलं? कळायला लागल्यापासून सगळ्यांनी तिच्यामागे हाच धोशा लावला होता. तिच्या वडिलांचा, नानांचा गळा तिला आला होता. नाना रेल्वेत पॉइंट्समन होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढचं गाणं त्यांचंच असायचं. त्यांचा आवाज जमिनीलगत चालायचा आणि तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. त्यांच्या आवाजाला सगळी वस्ती वाहवा म्हणायची, आणि तोच आवाज पोरीच्या गळ्यातून निघाला की सगळी वस्ती तोंडाला पदर लावून हसायची. शाळेत गाण्याच्या तासाला बाईंनी तिला मुलांच्या रांगेत उभं केलं होतं. तिथे ती वर्षभर उभी राहिली, मुलांच्या बुटांकडे बघत. घरी आई, शेवंताबाई, सकाळ-संध्याकाळ एकच म्हणायची, “जरा बारीक बोल वं पोरी, बारीक बोल.” बघायला पाहुणे यायचे तेव्हा तर आई तिला आदल्या दिवसापासून गप्प ठेवायची. एकदा आतल्या खोलीत ती आईला एवढंच म्हणाली होती की साखर संपली आहे, तर बाहेरून मुलाच्या काकांनी विचारलं होतं, “आत कोण पुरुषमाणूस आहे?” पोहे खाऊन पाहुणे गेले ते गेलेच. नाना तेव्हा हयात होते. दोन दिवस त्यांनी तंबाखूला हात लावला नाही, एवढंच तिला आठवत होतं. मालगाडीचे डबे संपता संपत नव्हते आणि प्रमिलाचा राग त्या डब्यांबरोबर लांबत चालला होता.

नोकरी लागली ती डाळ मिलमध्ये, टेलिफोनवर. तिथे मात्र गंमत झाली. अकोल्याचे, इंदूरचे व्यापारी तिच्या एका ‘बोला’वर वठणीवर यायचे. “मेहताजी, शेठना द्या,” असं म्हणायचे. ती कुणालाही दुरुस्त करायची नाही. दिवसभर मेहताजी होऊन ती सुखाने ट्रंककॉल लावायची आणि पाचला पदर खोचून परत प्रमिला व्हायची. शेठच्या टेपरेकॉर्डरने एकदा फीत खाल्ली तेव्हा तो दुरुस्त करायला लीलाधर आला. सावद्याचा. घरी केळीचा मोठा व्यापार, पण हा पोरगा केळीच्या मळ्यात रमला नाही. जळगावात येऊन टेपरेकॉर्डर उघडत बसला. प्रमिला फोनवर बोलत होती. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, “ताई, तुम्ही गाता का?” तिला वाटलं थट्टा करतोय. तिने झटकून टाकलं. तो आठवड्यात तीनदा आला, टेपरेकॉर्डर धड असताना. त्याच्याकडे एक सिंथेसायझर होता, त्याला तो पेटीच म्हणायचा, आणि ताल देणारं एक रिदम मशीन होतं. दिल्लीला केळी उतरवून रिकाम्या परतलेल्या ट्रकमधून ते आले होते, वाळलेल्या केळपानांत बांधून. अजूनही पेटी उघडली की पट्ट्यांना तो वास यायचा. बाहेरदेशच्या कॅसेटी त्याने ऐकल्या होत्या, दोनच माणसांच्या, बाकी सगळं यंत्र. “मले तसं करायचंय ताई,” तो म्हणायचा. अंगात आलं की त्याचं सावद्याचं बोलणं वर यायचं. “पण यंत्राले हाड नसतं. वरून बारीक आवाज घातला की सगळं पाणी होऊन जातं. तुमच्या आवाजाले हाड आहे.” उभ्या आयुष्यात तिच्या आवाजाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी ती घरी आली आणि मोरीत, नळ सोडून, नानांचं एक गाणं तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

सहा-आठ महिने त्या दोघांनी त्याच्या दुकानात तालीम केली. शटर अर्धं वर. दारात स्टूल टाकून शेवंताबाई तांदूळ निवडत बसायची, म्हणजे लोकांच्या जिभेला काम राहू नये. एकाने ताई म्हणायचं, दुसऱ्याने भाऊ म्हणायचं, आणि तसंच ते मनातही होतं. शब्द प्रमिलाने मिलमधल्या निवडण करणाऱ्या बायांकडून मिळवले. धुळ्याकडच्या बाया, अहिराणी बोलणाऱ्या, ‘आला’ला ‘उना’ म्हणणाऱ्या. तिने एखादी ओळ विचारावी आणि त्यांनी हसत हसत तिच्या ओंजळीत दहा टाकाव्यात. चाल त्या बायांच्या चालण्यातून आली. श्रावणात कानबाई देवीला नदीवर बोळवायला निघालेल्या बाया नाचतात तेव्हा घाई नसते. एक पाऊल पुढे, तिथे जरा थांबणं, मग कमरेतून एक हेलकावा, मग दुसरं पाऊल. लीलाधरने रिदम मशीनचा आकडा खाली खाली आणला. हिंदी डिस्कोचा ठोका जिथे पळतो तिथे त्यांचा ठोका चालत होता. एका संध्याकाळी तो आकडा एका जागी आला आणि तिचा आवाज त्या ठोक्यावर असा बसला की दारातली शेवंताबाईसुद्धा निवडता निवडता थांबली. डिसेंबरात धुळ्याला आग्रा रोडवर रतिलालशेठच्या कॅसेट दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंग झालं. भिंतींना गाद्या, खिडक्यांना गोणपाट, आवाज येतो म्हणून पंखा बंद. थंडीतही घाम फुटत होता. सगळं झाल्यावर शेठने मोठ्या स्पीकरवर लावून दाखवलं. खोलीभर तो जाड, सावकाश, पाय रोवून उभा राहिलेला आवाज पसरला. प्रमिलाला आनंद झाला. दुसरा शब्द नाही, आनंदच झाला. नानांचा गळा वाया गेला नाही असं तिला वाटलं, आणि ती वळून गादीकडे बघत राहिली, कारण दोन पुरुषांसमोर डोळे कसे पुसायचे?

आणि आता हे! गेट उघडलं, ती घराकडे वळली, तर गल्लीच्या तोंडालाच तो चिरका आवाज. शेजाऱ्यांनी कॅसेट आणली होती. टेप ओट्यावर ठेवला होता आणि शेवंताबाई बायांच्या मधोमध, सत्काराला बोलावल्यासारखी. “आली, आली!” बाया म्हणाल्या. आईने तिचा हात धरून खाली बसवलं. तिचे डोळे भरले होते. “बाई वं, किती गोड लागतो वं तुझा आवाज! इतका बारीक आवाज होता तुझ्यात, मग आधीच का नाही काढला? एव्हाना तुझं सगळं मार्गी लागलं असतं.” प्रमिला म्हणाली, “आई, तो माझा आवाज नाही.” “मग कोणाचा?” “माझाच. पण माझा नाही. त्यांनी पळवलाय तो.” बायांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांना वाटलं, नाव झालं की माणसं असंच बोलतात. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कॅसेट परत पहिल्यापासून लावायला सांगितली. आईचा राग करावा तर कसा करावा? तिला पंचवीस-सव्वीस वर्षांत हवी होती ती मुलगी एकदाची ओट्यावर येऊन बसली होती, टेपमध्ये. प्रमिला आत गेली, पापडखाराची पुडी तिने फळीवर इतक्या जोरात आपटली की ती फुटली.

दुसऱ्याच दिवशी तिने मिलमध्ये रजा टाकली, लीलाधरला दुकानातून उठवलं आणि धुळ्याची एसटी पकडली. वाटेत तो खिडकीबाहेर बघत होता. तिने विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का, तर तो म्हणाला, शेठशी बोलू. रतिलालशेठने मोठ्या तोंडाने स्वागत केलं. चहा, भजी, “बेन, बसा बसा, तुम्ही तर खान्देश हलवला.” प्रमिलाने चहाला हात न लावता विचारलं, “माझा आवाज असा का केला?” शेठला जराही धक्का बसला नाही. त्याने उत्तर घडी घालून ठेवलेलंच होतं. “बेन, आम्ही काय केलं नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी व्होल्टेज चढलेलं होतं. मशीन जोरात धावली. जोरात भरलेलं साध्या चालीने वाजवलं की जाडं वाजतं. माडीवर तुम्ही ऐकलं ते चुकीचं होतं. आम्ही फक्त बरोबर केलं. हा तुमचा खरा आवाज.” आणि तो इतक्या मायेने हसला की एक क्षण, अगदी एकच क्षण, प्रमिलाच्या पायाखालची जमीन सरकली. असेलही तसं. स्वतःचा आवाज माणूस बाहेरून कधी ऐकतो? ती आतून ऐकत आली, कवटीतून, छातीतून. बाहेर तो कसा जातो हे तिला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. पण मग गाण्याच्या तासाला ती मुलांच्या रांगेत का उभी राहिली? काकांनी कोणत्या पुरुषमाणसाबद्दल विचारलं? तेव्हाही व्होल्टेज चढलं होतं का? तिची कानशिलं तापली. जन्मभर ज्या आवाजाबद्दल बोलणी खाल्ली तो आवाजच नव्हता म्हणतो हा माणूस, भजी खाता खाता! “लीलाधरभाऊ,” ती म्हणाली, “जळगावहून तुमची पेटी आणा. पेटीचा सूर आणि कॅसेटचा सूर शेजारी शेजारी लावून बघू. पेटीचं व्होल्टेज तर चढलं नाही ना? लगेच कळेल कोणाचं खरं.” लीलाधरने कपातल्या चहावर आलेली साय बोटाने बाजूला केली. पेटी आणतो असंही तो म्हणाला नाही. मूग गिळून बसलेल्या माणसाकडे तिने नीट बघितलं आणि तिला सगळं समजलं.

तरी तिने शेठला सोडलं नाही. पुढची खेप मूळ चालीने काढा, नाहीतर माझं नाव काढून टाका, असं ती म्हणाली, आणि म्हणाली ते अशा आवाजात की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक जिन्यापर्यंत आलं. शेठ व्यापारी होता. त्याने तोंड गोड ठेवूनच तोडगा काढला. पारोळा रोडवरच्या एका गावात येत्या पंधरवड्यात मोठं लग्न होतं, त्यांनी या जोडीला मिरवणुकीत गायला बोलावलं होतं. “तिथे तुम्ही तुमच्या आवाजात गा. तुमच्या चालीने. लोक नाचले तर पुढची खेप तशी काढतो, माझी जबान. नाही नाचले तर बेन, मग माझं काय चुकलं?” प्रमिलाला यात काही लबाडी दिसेना. एकदा समोर उभं राहून गायलं की लोकांना कळेल, असं तिला खरोखर वाटलं. ती हो म्हणाली.

परतीच्या खासगी गाडीत पारोळा मागे पडल्यावर लीलाधर म्हणाला, “ताई, स्क्रू मीच फिरवला.” तिने मान वळवली नाही. तो आपल्या बोटांकडे बघत सांगत राहिला. ज्या टेपवरून कॅसेटच्या प्रती निघतात त्याच्या मोटरच्या मागे एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवावा लागतो. पाव फेरा, तेवढाच. जानेवारीत पहिली प्रत त्याने रावेरकडे मावसभावाच्या लग्नात नेली होती, सांगितलं नव्हतं तिला. लोक घोळका करून उभे राहिले. कोणी हात वर केला नाही. एकाने विचारलं, मयताचं आहे का हे? मग नवरदेवाच्या दोस्तांनी कॅसेट काढून त्याच्या हातात दिली आणि हिंदी गाणी लावली. सगळ्या भाऊबंदांसमोर. शेठला सांगितलं तर शेठ म्हणाला, चाल वाढव, नाचतील, आणि फीतही आखूड लागेल. “मग मी फिरवला. आणि ताई, खोटं कशाले बोलू, दुसऱ्या लग्नात लोक नाचले. माझं गाणं वाजून राहिलं होतं अन् लोक नाचून राहिले होते.” “आपलं गाणं,” प्रमिला म्हणाली. “हो, आपलं. नाव तर तुमचंच आहे ना वर.” यावर मात्र तिचा तोल गेला. “नाव घेऊन काय चाटू? नाव कोणाचंही असतं. हाड आहे म्हणाला होतात ना? कोण म्हणालं होतं? मी आले होते का तुमच्याकडे गाणं मागायला? मी आपली फोनवर बसले होते. तुम्ही उठवलंत, आणि उठवून तुम्हीच...” गाडीतली माणसं वळून बघायला लागली. एका पुरुषी आवाजाच्या बाईचं आणि खाली मान घातलेल्या बाप्याचं भांडण. त्यांना काय वाटायचं ते वाटलं असणार. ती उठली आणि कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. जळगाव येईपर्यंत ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून ती बारीक आवाजाची बाई दोनदा गाऊन गेली.

त्या पंधरवड्यात तिला कळलं की अन्यायाला निदान एक तोंड तरी लागतं, म्हणजे त्याच्याकडे बोट करता येतं. इथे जो तो तिचं अभिनंदन करत होता. मिलचे धाकटे शेठ केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, “प्रमिलाबाई, त्या आवाजात एक ओळ होऊन जाऊ द्या.” ती म्हणाली, “माझा आवाज हाच आहे.” ते हसले, विनय समजले. निवडण करणाऱ्या बायांनी ओळी ओळखल्या, आपल्या ओळी कॅसेटमध्ये गेल्या म्हणून त्यांना अप्रूप वाटलं, पण नाचायला गेलं तर पाऊल टाकेपर्यंत ठोका निघून जातो असं त्यातली एक म्हणाली, आणि प्रमिलाने तिला मिठीच मारायची बाकी ठेवली. रिक्षात, पानाच्या टपरीवर, रसवंतीवर, जिकडे तिकडे ती बाई होती. ती दमत नव्हती, तिचा घसा बसत नव्हता, तिला आई नव्हती, नाना नव्हते, शाळा नव्हती. कधी कधी फोनवर ‘बोला’ म्हणताना प्रमिलाला आपलाच आवाज कोणीतरी मागे ओढून धरल्यासारखा वाटायचा, आणि मग ती रिसीव्हरवर हात ठेवून स्वतःला दरडावायची, की बाई, तू चालतेयस तीच चाल खरी. चिडणं हेच तेवढं तिच्या हातात राहिलं होतं आणि ते तिने निवू दिलं नाही.

लग्नाच्या गावी ते सकाळी पोचले. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला होता, आणि तिथून मांडवापर्यंत मिरवणूक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पेटी, रिदम मशीन, टेप, दोन मोठे स्पीकर, बॅटऱ्या. मागे माईक धरून प्रमिला, अंगावर आईने हट्टाने नेसवलेली मोतिया रंगाची साडी. लीलाधर सकाळपासून तिच्याशी फार अदबीने वागत होता. ठरल्याप्रमाणे त्याने रिदमचा आकडा खाली आणला, जुन्या जागी. सगळं गाव रस्त्यावर उतरलं होतं. पोरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या, बाया ओट्यांवर उभ्या होत्या. ठोका सुरू झाला. प्रमिलाने डोळे मिटले, श्वास पोटापर्यंत नेला आणि आवाज सोडला. ‘वारा उना वं माय, वारा उना, तापीवरथीन वारा उना.’ तो आवाज स्पीकरमधून निघून भिंतींवर आदळून परत आला तेव्हा तिला ओळखीचा वाटला, आपला. माडीवर ऐकला होता तसाच. तिला वाटलं, झालं. आता कळेल.

तिने डोळे उघडले तेव्हा पोरं हात वर करून थांबली होती. कुणाचे हात हळूहळू खाली येत होते. पुढचा एक जण हसला. मग कोणीतरी ओरडलं, “हाई ती बाई नही शे!” दुसरा म्हणाला, “हाई तर बाप्या गाई ऱ्हायना!” हशा पिकला. प्रमिला गात राहिली. तिला आधी राग आला नाही, नुसता अचंबा वाटला. रावेरकडच्यांसारखे हे लोक गाणं न आवडून बाजूला झाले असते तर तिला समजलं असतं. पण यांना गाणं पाठ होतं. यांना ती बाई पाठ होती. आणि ही जी ट्रॉलीवर उभी होती ती त्यांच्या लेखी तोतया होती, पैसे वाचवायला शेठने पाठवलेली कोणीतरी. “कॅसेटवाली बाई कोठे शे?” पोरं ट्रॉलीला हात लावून विचारू लागली. “खरी बाई लया! खरी बाई लया!” नवरदेवाचा मामा ट्रॅक्टरपाशी आला आणि लीलाधरला म्हणाला, “ओ भाऊ, आम्हनी फसवणूक करी का?” प्रमिला गाणं थांबवून लीलाधरकडे वळली. “सांगा त्यांना,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील. सांगा की मीच ती.” एवढंच त्याला करायचं होतं. एक वाक्य. लीलाधरने तिच्या हातातला माईक घेतला, मामाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. त्याचा चेहरा तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसला, रावेरकडे कॅसेट हातात घेऊन उभा असेल तसा. “मंडळी,” तो म्हणाला, “माफी असावी. कॅसेटवाल्या बाईंचा घसा बसलाय. त्या येऊ शकल्या नाहीत. पण तुमचा हिरमोड होणार नाही. ओरिजनल ऐका.” त्याने माईकचं बटण बंद केलं, तो परत तिच्या हातात दिला, टेपमध्ये कॅसेट सरकवली आणि तिच्याकडे न बघता पुटपुटला, “नुसते ओठ हलवा ताई. पाया पडतो.”

कॅसेट सुरू झाली आणि गाव उसळलं. धूळ ट्रॉलीच्या वर आली. प्रमिलाच्या अंगाची लाही लाही झाली. उतरून जावं, स्पीकरची वायर उपटावी, लीलाधरच्या मुस्काटात द्यावी, सगळं एकदम मनात आलं, आणि त्यातलं तिने काहीच केलं नाही. तिने पायाखाली जागा करून घेतली, मेलेला माईक पेटीवर ठेवून दिला, आणि ती पहिल्यापासून गाऊ लागली. स्वतःच्या चालीने. एक पाऊल पुढे, तिथे जरा थांबणं, मग हेलकावा. कोणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. ट्रॅक्टर, शिट्ट्या, आणि शेजारच्या स्पीकरमधून ती बाई. पहिल्या कडव्यालाच बाई पुढे निघून गेली. दुसऱ्यात तर प्रमिला दोन ओळी मागे पडली. दोन्ही गाणी एकमेकांच्या अंगावर येत होती, ताल हातातून निसटू बघत होता, तरी तिने तो सोडला नाही. दातओठ खाऊन, गळ्याच्या शिरा ताणून ती आपल्या जागेवरून हलली नाही. लीलाधर खालच्या आवाजात “ताई, ताई” करत होता. ओठ हलत होते, म्हणजे त्याचं काम होत होतं. मग बाईचं गाणं संपलं. मांडव जवळ आला म्हणून ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं होतं. पोरं हात वर करून, घामाने निथळत, पुढच्या गाण्याची वाट बघत थांबली, आणि त्या मोकळ्या जागेत प्रमिलाचा आवाज एकटाच उरला. माईक नाही, काही नाही. जमिनीलगत निघालेला तो जाड आवाज घोळक्यातून पार मांडवाच्या दारापर्यंत गेला. माणसं वळली. कोणी हसलं नाही, कोणी वाहवाही म्हटलं नाही, बघत राहिली. ओट्यावरची एक म्हातारी कानामागे तळवा धरून पुढे झुकली. लीलाधरचा हात टेप बंद करायच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. त्याने ते दाबलं नाही. फीत खरखरली आणि बारीक आवाजाच्या बाईने दुसरं गाणं सुरू केलं, गाव परत नाचायला लागलं. प्रमिलाचं एक कडवं अजून बाकी होतं. ते तिने म्हटलं.